दात : काढायचा की राखायचा?

मराठी भाषेने दातांवर जेवढे प्रेम केले आहे, तेवढे आपण मराठी माणसांनी केलेले दिसत नाही. रागावलो की आपण दातओठ खातो, हरलो की दाती तृण धरतो, मनात अढी राहिली की दात धरतो आणि संधी मिळताच समोरच्याचे दात त्याच्याच घशात घालतो. घरातल्या तंट्याविषयी 'आपलेच दात, आपलेच ओठ' म्हणून गप्प बसतो. दैवाची थट्टा सांगायची तर चणे आणि दात ह्यांच्या चुकामुकीची म्हण आहेच. वर्णमालेतला त, थ, द, ध, न हा अख्खा वर्ग दातांच्या नावाने ओळखला जातो. 'चाक', 'जाड', 'झाड' ह्या शब्दांतले दंततालव्य उच्चार तर मराठीचे खास लेणे. समोरचे चार दात गेलेल्या माणसाला हे शब्द म्हणायला सांगा, म्हणजे भाषाशास्त्राचा एक तास वाचेल.

एवढे असूनही प्रत्यक्ष दात दुखू लागला की आपल्या तोंडी एकच वाक्य येते : "काढून टाका एकदाचा!"

हे वाक्य मी किती वेळा ऐकले त्याला गणती नाही. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दंत महाविद्यालयातील डॉक्टरांचे एक पथक आले होते आणि अक्षर बरे म्हणून नोंदवही माझ्या हाती आली. नाव, वय, तक्रार आणि उपचार असे चार रकाने. तिसरा रकाना भरून होईपर्यंत समोरचा माणूस चौथा स्वतःच सांगून मोकळा होई. एका मावशींना डॉक्टर म्हणाले, "ही दाढ वाचेल, मावशी. दोन-तीन वेळा तालुक्याला यावे लागेल." मावशींनी शांतपणे उत्तर दिले, "येक दिवस गेला की येक रोज बुडतो, बाबा. एष्टीचं भाडं येगळंच. काढ तू."

मावशी अडाणीपणाने बोलत नव्हत्या; त्यांचा हिशेब चोख होता. फक्त त्यात काही रकमा मांडायच्या राहिल्या होत्या, कारण त्या कोणी त्यांना कधी सांगितल्याच नव्हत्या. त्या रकमा मांडणे एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. मी मराठी विषयाची विद्यार्थिनी. दंतवैद्यक हे माझे क्षेत्र नव्हे. शिबिरातल्या डॉक्टरांना विचारून, नंतर पुस्तके वाचून आणि घरी आईच्या दाढेच्या निमित्ताने जे समजले, ते आपल्यासारख्या कला शाखेच्या वाचकांना समजेल अशा भाषेत सांगते.

दाताची घडण

मोठ्या माणसाच्या तोंडात बत्तीस दात. जबड्याच्या प्रत्येक पावात दोन पटाशीचे, एक सुळा, दोन उपदाढा आणि तीन दाढा. त्यांतली शेवटची ती अक्कलदाढ. प्रत्येक दाताची रचना काहीशी नारळासारखी असते. बाहेर करवंटी, तिच्या आत खोबरे आणि मधल्या पोकळीत पाणी. दाताची करवंटी म्हणजे एनॅमल, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने पाहिले तर त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. खोबऱ्याच्या जागी डेंटीन हा जरा मऊ थर आणि पाण्याच्या जागी रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला जिवंत गर. ह्या गराचे धागे मुळांतून खाली उतरून जबड्याला मिळतात.

आपण 'कीड लागली' म्हणतो, पण दातात किडा नसतो. दातात अळी असते ही समजूत अनेक देशांत हजारो वर्षे होती. पिअर फोशार ह्या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, अशी अळी आपल्याला कधी दिसली नाही, असे नमूद केले. खरा प्रकार असा : तोंडातले जीवाणू साखर आणि पिष्टमय अन्न खाऊन आम्ल तयार करतात. आम्लता मोजण्याच्या पीएच मोजपट्टीवर आकडा साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. नंतर लाळ हळूहळू आम्लता कमी करते आणि थोडीशी डागडुजीही करते. म्हणून आपण किती गोड खाल्ले ह्यापेक्षा किती वेळा खाल्ले ह्याला महत्त्व आहे. दिवसभर कँटीनमध्ये घोट घोट गोड चहा पिणाऱ्याच्या लाळेला डागडुजीची उसंतच मिळत नाही.

मोडलेले हाड जुळते, कापलेली कातडी भरून येते. दाताचे तसे नाही. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच असतात. एकदा खड्डा पडला की तो शरीर बुजवत नाही. म्हणून दाताच्या बाबतीत दुरुस्ती म्हणजे परक्या पदार्थाचे ठिगळच. ठिगळ जितके लहान, तितके मूळ वस्त्र अधिक शिल्लक राहते.

पहिली पायरी : भरणे

खड्डा लहान असेल तर कुजका भाग कोरून काढायचा आणि पोकळी भरायची. ही कला आपण समजतो त्याहून फार जुनी आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे नऊ माणसांच्या अवशेषांत अकरा दाढा कोरलेल्या सापडल्या. त्या सुमारे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. गारगोटीच्या टोकाने दाढेला भोक पाडणाऱ्या त्या माणसाच्या हाताचे आणि ते पाडून घेणाऱ्याच्या सोशिकपणाचे कौतुक करावे तेवढे थोडे.

आपल्या आईवडिलांच्या पिढीची भरलेली दाढ म्हणजे 'चांदी'. वास्तविक ती चांदी, कथिल आणि तांबे ह्यांच्या भुकटीत जवळजवळ निम्मा पारा मिसळून केलेली असते. ती टिकाऊ आणि स्वस्त. परंतु ती दाताला चिकटत नाही. ती अडकून बसावी म्हणून पोकळीचा आकार खाली रुंद ठेवावा लागतो आणि त्यासाठी थोडा निरोगी दातही कापावा लागतो. पाऱ्याने पर्यावरणाची हानी होते म्हणून २०१३ सालच्या मिनामाता करारात तिचा वापर कमी करण्याचे ठरले. युरोपीय संघात तर १ जानेवारी २०२५ पासून अपवाद वगळता ती बंद झाली आहे.

चिकटणाऱ्या भरावाची वाट मायकेल बुओनोकोर ह्या अमेरिकन संशोधकाने १९५५ साली दाखवली. एनॅमलला सौम्य आम्ल लावले की त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो आणि राळेसारखा पदार्थ त्यात घट्ट धरतो. भिंतीला गिलावा धरावा म्हणून गवंडी टाचे मारतो, तोच प्रकार. राफाएल बोवेन ह्यांनी १९६२ च्या सुमारास ह्या कामाची राळ सिद्ध केली. निळा प्रकाश टाकून क्षणात कडक करतात तो दातरंगी 'कॉम्पोझिट' भराव तिचाच वंशज.

शिबिरात मात्र मी तिसराच पदार्थ पाहिला. ग्लास आयोनोमर नावाचे हे सिमेंट ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट ह्या दोघा इंग्लिश शास्त्रज्ञांनी १९७२ च्या सुमारास पुढे आणले. ते दाताला रासायनिक रीतीने चिकटते आणि फ्लोराइड सोडत राहते. मोठ्या दाढेच्या भाराला ते कमी पडते. पण त्याला वीज लागत नाही. शाळेच्या बाकावर निजवून, हातातल्या लहान हत्याराने मऊ कीड खरवडून, सिमेंट भरून डॉक्टर पोरांना उठवत होते. ही पद्धत १९८० नंतरच्या दशकात टांझानियात प्रथम राबवली गेली. आपल्या खेड्यांना ती तंतोतंत लागू पडते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते. कोणताही दात पडल्यावाचून ती येते, त्यामुळे आईवडील तिला दुधाचीच समजतात आणि 'पडणारच आहे' म्हणून सोडून देतात. माझ्या नोंदवहीतल्या कित्येक मुलांची हीच दाढ किडलेली होती.

दुसरी पायरी : मुळापर्यंत

कीड गरापर्यंत पोचली की ठणका सुरू होतो. शरीरात कुठेही सूज आली तर तिला पसरायला जागा असते. दाताचा गर चहूबाजूंनी कठीण भिंतीत कोंडलेला, म्हणून तो सुजला की कळ डोक्यात जाते. रात्री आडवे पडल्यावर तर ती अधिकच. मग लवंग येते, मशेरी येते. मशेरीने हिरडी बधिर होते, दुखणे दबल्यासारखे वाटते आणि तंबाखूचे व्यसन मात्र जन्मभर चिकटते.

'रूट कॅनॉल' म्हणतात तो उपचार ह्या टप्प्यावरचा. आजारी गर काढायचा, मुळांतल्या बारीक नळ्या साफ करायच्या आणि भरून बंद करायच्या. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळे आणि तीन नळ्या असतात. त्या भरण्यासाठी वापरतात ते गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. समुद्रातल्या तारांवर पाण्याने परिणाम होऊ नये म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांना हाच चीक गुंडाळत. सुएझहून मुंबईला १८७० साली जी समुद्री तार आली, तिचेही वेष्टन ह्याच चिकाचे होते. इतिहासाच्या प्राध्यापकांना दाढेत तो भेटला तर त्यांनी ओळख द्यावी.

गर काढलेल्या दाताला लोक 'मेलेला दात' म्हणतात. ते अर्धसत्य आहे. त्याचे मूळ ज्या तंतूंनी जबड्याला बांधलेले असते ते जिवंतच राहतात, म्हणून चावताना खडा आला की तो दात आपल्याला सांगतो. मात्र पोखरलेला असल्यामुळे तो तडकण्याची भीती असते. म्हणून अशा दाढेवर सहसा टोपी बसवतात. त्यासाठी दात सगळीकडून एक-दोन मिलिमीटर घासून लहान करावा लागतो. टोपी धातूची, धातूवर चिनी मातीची किंवा अलीकडे झिर्कोनियाची असते.

तिसरी पायरी : रिकामी जागा

आता मावशींच्या हिशेबातली राहिलेली रक्कम. दात काढला की जागा रिकामी होते एवढेच आपण पाहतो. प्रत्यक्षात शेजारचे दात त्या जागेकडे कलू लागतात. समोरच्या जबड्यातला दात आधार गेल्यामुळे बाहेर सरकू लागतो. ज्या हाडात मूळ रुतलेले होते ते निरुपयोगी झाल्यामुळे झिजते, आणि सर्वाधिक झीज पहिल्याच वर्षात होते. फटीत अन्न अडकते, शेजारी कीड लागते आणि काही वर्षांनी दुसऱ्या दाताची पाळी येते.

हे मी आईच्या तोंडात पाहिले. तिची डाव्या बाजूची खालची दाढ मी लहान असताना काढली होती. त्या वेळी रूट कॅनॉलचा खर्च आमच्या घराला झेपणारा नव्हता. काढणे स्वस्त पडले. तेव्हापासून ती उजव्या बाजूनेच जेवते. भाकरी आमटीत कुस्करून घेते आणि भुईमुगाच्या शेंगा भाजल्या की 'तुम्ही खा' म्हणते. गेल्या वर्षी त्या रिकाम्या जागेच्या पुढची उपदाढ ठणकू लागली आणि आम्ही डॉक्टरांसमोर जाऊन बसलो. त्यांनी तीन मार्ग सांगितले.

पहिला मार्ग काढती-घालती अर्धी कवळी. सर्वांत स्वस्त, दातांना फारशी कापाकाप नाही. परंतु ती तोंडात हलते, रोज काढून धुवावी लागते आणि रात्री पाण्यात ठेवावी लागते.

दुसरा मार्ग पूल, म्हणजे ब्रिज. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर टोप्या बसवायच्या आणि मधला खोटा दात त्या टोप्यांना जोडलेला ठेवायचा. तो पक्का बसतो, पण एका गेलेल्या दातासाठी दोन जिवंत दात कापले जातात. आई म्हणाली, "एकाच्या मयताला दोघांनी मुंडण करायचं, असंच की!" डॉक्टर हसले, पण आक्षेप त्यांना मान्य होता.

तिसरा मार्ग रोपण, म्हणजे इम्प्लांट. त्याची कथा मोठी रंजक आहे. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे स्वीडिश शास्त्रज्ञ १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोगानंतर निघेना. हाड तिला एकजीव झाले होते. ह्या अडचणीतूनच पुढचा शोध लागला. १९६५ साली योस्टा लार्सन ह्यांच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे खुंट बसवले आणि ते २००६ मध्ये लार्सन ह्यांच्या मृत्यूपर्यंत टिकले. आज हाडात असा स्क्रू बसवून, ते एकजीव व्हायला साधारण तीन ते सहा महिने देऊन, वर दात चढवतात. शेजारच्या दातांना हात लागत नाही आणि हाडाची झीजही कमी होते. मात्र खर्च सर्वाधिक. त्यासाठी हाड पुरेसे हवे. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि तंबाखू ह्यांनी धोका वाढतो. खुंटाला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी सुजून तो सैल होऊ शकतो. स्वच्छता सुटत नाही.

आईने पूल निवडला. ठणकणाऱ्या उपदाढेला रूट कॅनॉलनंतर टोपी लागणारच होती, म्हणजे पुलाचा एक खांब आधीच ठरलेला होता. मागची दाढ थोडीशीच कलली होती. शेजारचे दोन्ही दात निरोगी असते तर डॉक्टरांनीच रोपण सुचवले असते. ह्यावरून एक गोष्ट लक्षात आली : सर्वांत महाग तो सर्वांत चांगला असा इथे नियम नाही. शेजारी काय उरले आहे, हाड किती आहे, खिशात काय आहे, ह्यावर उत्तर अवलंबून असते. पण ही सगळी उत्तरे त्या एका, खूप वर्षांपूर्वी वाचू शकणाऱ्या दाढेहून महागच.

सगळेच दात गेल्यावर

सगळे दात गेले की उरते ती पूर्ण कवळी. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ह्यांनी १७८९ साली शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात होता. त्यांच्या कवळ्या लाकडी होत्या ही दंतकथा (शब्दशः!) आहे; त्या हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, धातू आणि माणसांचे दात ह्यांच्या होत्या. त्यांच्या हिशेबात १७८४ साली मळ्यावरील गुलामांना नऊ दातांबद्दल पैसे दिल्याची नोंद आहे. पुढे १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईत पडलेल्या सैनिकांचे दात उपटून इंग्लंडातल्या श्रीमंतांच्या कवळ्यांत बसवले गेले. एकाचे हसू दुसऱ्याच्या तोंडातून काढलेले! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर व्हल्कनाइट हे कडक रबर आले, तेव्हा कुठे साधारण माणसाला कवळी परवडू लागली. १९३० नंतरच्या दशकात त्याची जागा ॲक्रिलिकने घेतली, आणि ते आजही वापरात आहे.

चांगली कवळी चेहऱ्याची ठेवण आणि बोलणे सावरते. तरी तिची चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकीच. वरची कवळी टाळूला लाळेच्या पातळ थराने धरून राहते. खालची जिभेच्या हालचालीने सारखी सुटते. दोन-चार रोपणांवर ती टेकवली तर बरीच स्थिर होते.

मग करायचे काय?

आपल्या देशात पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद ह्यांनी १९२० साली कलकत्त्यात काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. दंतवैद्यकाचा कायदा १९४८ चा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत आणि तिथे खाजगी दवाखान्याच्या मानाने थोड्या खर्चात उपचार होतात. वेळ अधिक लागतो, विद्यार्थी काम करतात. पण शिकवणारे जाणकार पाठीशी उभे असतात. ही माहिती आपल्या गावी पोचवणे हे आपल्यासारख्यांना सहज जमणारे काम आहे. आपल्या शिबिरांतही डॉक्टर एकदाच येऊन जातात. महिन्याभराने ते पुन्हा आले, तर दुसऱ्या फेरीसाठी रोज बुडवून तालुका गाठणे कोणाच्या माथी येणार नाही.

घरी करायचे ते तर फुकटच्या जवळपासचे आहे : फ्लोराइडच्या पेस्टने सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे, कोळसा आणि मशेरीला रजा देणे, गोड जेवणाबरोबरच खाणे आणि सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात एकदा डोकावून पाहणे.

काळा ठिपका दुखत नाही, म्हणून तो आपल्याला घाईचा वाटत नाही. पण दाढ भरायला मिनिटे लागतात, मुळापर्यंत गेल्यावर दिवस आणि काढल्यानंतरची भरपाई जन्मभर चालते. तेव्हा ज्यांच्या दाढेवर आज असा ठिपका असेल, त्या माझ्या मित्रमैत्रिणींनी वार्षिक परीक्षा संपण्याची वाट पाहू नये. परीक्षेला पुढच्या वर्षी पुन्हा बसता येते.